अंक बंद करण्याआधी

मिरज, गुरुवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत आहेच. बोलता बोलता म्हणाली, गॅलरीनं मनूला क्युरेटर म्हणून पक्क्या पगारावर बोलावलंय आणि दिवाळी अंकानंतर ती त्रैमासिक बंद करणार आहे. रात्री मला झोप लागली नाही. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर ते मला ताईकडून कळावं?

नोकरी घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. अवश्य घे. पण अंक बंद करायची अट त्यांनी घातली आहे, की तू आपणहून ठरवलंस?

ओक्वी एन्वेझोरचं नाव मला तूच सांगितलंस. गणपतीत आली होतीस, आरती आटोपल्यावर उशिरापर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होतीस. तेव्हापासून मिळेल ते मी वाचत आलो. नायजेरियातल्या कालाबारला जन्मलेला, अमेरिकेत राज्यशास्त्र शिकलेला, न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या कविता वाचणारा तरुण. कलेची पदवी नाही, पाठीशी संग्रहालय नाही. आफ्रिकेतल्या समकालीन कलेवर गंभीरपणे लिहिलं जात नाही, म्हणून १९९४ मध्ये त्यानं ‘न्का’ हे नियतकालिक काढलं. दोनच वर्षांनी गुगेनहाइममध्ये आफ्रिकी छायाचित्रकारांचं प्रदर्शन मांडणाऱ्यांत तो होता. पुढे २००२ मध्ये कासेलचं डॉक्युमेंटा, २०१५ मध्ये व्हेनिसची द्वैवार्षिकी. लोकांना ही मोठी नावं दिसतात. मला आधी तो अंक दिसतो.

१९९७ ची जोहान्सबर्गची द्वैवार्षिकी त्यानंच मांडली होती. पैसे नाहीत म्हणून ती मुदतीआधीच गुंडाळली गेली. भिंती दुसऱ्याच्या असतात, मनू. खर्चाला कात्री लागली की चित्रं उतरतात. ‘न्का’ मात्र निघत राहिला.

आणि डॉक्युमेंटा तरी त्यानं कसं केलं? प्रदर्शनाच्या आधी व्हिएन्ना, दिल्ली, सेंट लुसिया, लागोस इथे चर्चा घडवल्या. दिल्लीत २००१ मध्ये न्याय, सत्यशोधन आणि समेट या विषयावर माणसं बोलली. कासेलची चित्रं आली ती पाचव्या पायरीवर. आधी प्रश्न, मग माणसं, मग त्यांचं म्हणणं, शेवटी मांडणी; ही संपादकाची रीत आहे. २००८ च्या ग्वांगजूच्या द्वैवार्षिकीला सोबत घेतलं तेही आपल्या मुंबईच्या रणजित होस्कोटेंना, म्हणजे कवीला आणि समीक्षकाला. तुझ्या मांडणीचं आज कौतुक होतं, ते तू अंकासाठी चित्रकारांच्या घरी तासन्‌तास बसलीस म्हणून. भिंत मिळण्याच्या कितीतरी आधी तू त्यांच्यावर लिहिलं होतंस. अंक गेला की तू कुणाकडे बसणार? ज्याचं चित्र विकलं जातंय, त्याच्याचकडे ना? आणि एखादं चित्र फसलंय, हे कुठे लिहिणार? गॅलरीच्या कॅटलॉगमध्ये ते छापत नाहीत.

आमचं सायक्लोस्टाइल अनियतकालिक तू पाहिलेलं नाहीस. वास्तविक आता ते कुणाकडेच नाही. मी ड्रॉइंग मास्तर झालो, बदल्या होत गेल्या, आणि ते बंद पडलं. तेव्हा आमच्यात एक निसर्गचित्रं काढणारा होता. कृष्णेच्या घाटाचे असे जलरंग मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत. तो गेल्यावर घरच्यांनी घर विकलं, चित्रं कुठे गेली कळलं नाही. त्याच्यावर छापलेली एक ओळ आज दाखवता येत नाही. हे मला अजून सलतं. म्हणून तुझा अंक बंद होणार म्हटल्यावर माझा तोल जातो.

फार बोललो. तू अंक कसा काढतेस, हे मला दिसत नाही असं नाही. जाहिरातीसाठी फोन तूच करतेस, वर्गणीदारांचे पत्ते तूच लिहितेस, प्रूफं रात्री दोनला वाचतेस. मागच्या खेपेला आलीस तेव्हा जेवता जेवता तुझा डोळा लागला होता. मामीनं ताट हळूच बाजूला केलं आणि नंतर माझ्याशी भांडली, की पोरीला अंकाचं विचारू नका.

एन्वेझोर २०१९ मध्ये गेला, वयाच्या ५५ व्या वर्षी, कॅन्सरनं. आजार कामामुळे येतो असं मी म्हणत नाही. पण तो आकडा वाचल्यापासून मला तुझी आठवण येते आणि भीती वाटते. अंकही काढ आणि जिवालाही जप, असं दोन्ही एकदम मागतोय मी तुझ्याकडे. कसं जमेल ते मला सांगता येत नाही.

चाराचे दोन अंक केलेस तरी चालतील. पानं कमी कर. येत्या अंकाची प्रूफं मला पाठव. ऱ्हस्व-दीर्घ मी पाहतो, तू झोप. छापखान्याचं बिल किती थकलंय तेही लिही. ताईला सांगणार नाही. पेन्शनमधून आम्हा दोघांचं भागून उरतं, आणि ते उरलेलं कुणासाठी आहे?

आणि एवढं करूनही बंदच करायचं ठरलं, तर आधी मला सांग. मी रागावणार नाही. दिवाळीला चार दिवस आधीच ये, मामी वाट बघते आहे.

तुझा,
मामा