प्रथमच मुंबईला जाताना

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून दररोज असंख्य माणसे मुंबईस येतात. कोणी मंत्रालयातील कामासाठी येतो, कोणी परीक्षेस वा मुलाखतीस, तर कोणी घरातील रुग्णाला परळच्या रुग्णालयात दाखविण्यासाठी. निघण्यापूर्वी यांपैकी अनेक जण गावातील शिक्षकास, ग्रामपंचायत अधिकाऱ्यास किंवा पंचायत सदस्यास वाट विचारतात. तेथे नेमके उत्तर मिळाले, तर प्रवाशाचा दिवस व पैसा वाचतो. प्रसंगी जीवही वाचतो. असे उत्तर देण्यासाठी एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी, ती ही की मुंबई हे बेट आहे.

बेटाची रचना

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत भर घालून एकमेकांना जोडली गेली आणि आजचे शहर आकारास आले. हे बेट दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. मंत्रालय, उच्च न्यायालय व अनेक जुनी कार्यालये त्याच्या दक्षिण टोकाशी आहेत, तर बहुसंख्य वस्ती उत्तरेकडील उपनगरांत व त्यांच्याही पलीकडे आहे. म्हणून सकाळी आठ ते अकरापर्यंत गर्दीचा लोंढा दक्षिणेकडे आणि सायंकाळी साडेपाचनंतर उत्तरेकडे वाहतो. नवख्या प्रवाशाने, विशेषतः सोबत सामान, लहान मूल किंवा रुग्ण असल्यास, या वेळा टाळाव्यात.

बोलण्यात कल्याण किंवा विरार यांनाही ‘मुंबई’ म्हटले जाते. परंतु छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, तर चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर आहे. नातेवाइकांकडे मुक्काम ठरविताना हे अंतर हिशेबात घ्यावे.

लोकलचा प्रवास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. आज पश्चिम, मध्य व हार्बर हे उपनगरी रेल्वेचे तीन प्रमुख मार्ग आहेत. पश्चिम व मध्य मार्ग दादरला एकत्र भेटतात. मध्य व हार्बर मार्ग कुर्ल्याला. या दोन स्थानकांची नावे लक्षात ठेवली तरी मार्ग बदलणे सोपे जाते. बाहेरगावच्या अनेक गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला थांबतात. हे टर्मिनस कुर्ला स्थानकाहून वेगळे आहे. त्याला सर्वांत जवळचे उपनगरी स्थानक हार्बर मार्गावरील टिळकनगर होय.

गाडी धीमी आहे की जलद, हे फलाटावरील दर्शकावर पाहूनच चढावे, कारण जलद गाडी सर्व स्थानकांवर थांबत नाही. साध्या तिकिटावर प्रथम श्रेणीच्या डब्यात चढल्यास दंड होतो. महिलांचे व दिव्यांगांचे डबे राखीव असतात. उतरावयाचे स्थानक येण्याआधी दाराकडे सरकावे आणि फलाट कोणत्या बाजूस येईल, हे सहप्रवाशास विचारून घ्यावे. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो; त्या दिवशीचे वेळापत्रक आधी पाहावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना जिवाची आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील पुष्कळ मृत्यू रूळ ओलांडताना आणि धावत्या गाडीतून पडून झाले. रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे. पादचारी पूल दूर असला तरी त्यावरूनच जावे. चालू गाडी पकडू नये आणि दारात लोंबकळू नये. एक गाडी सुटली तरी थोड्याच वेळात दुसरी येते.

ऑटोरिक्षा केवळ उपनगरांत चालतात. माहीम व शीव यांच्या दक्षिणेस त्यांना परवानगी नाही; तेथे मीटरची टॅक्सी किंवा ‘बेस्ट’ची बस घ्यावी. २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून दक्षिण टोकाकडे जाण्यास आणखी एक सोय झाली आहे.

पाऊस आणि भरती

जून ते सप्टेंबर या काळात येणाऱ्यांनी आकाशाबरोबर समुद्राचाही विचार करावा. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखांहून वर चढते. त्याच वेळी मुसळधार पाऊस झाला, तर पाण्याला वाट उरत नाही व सखल भाग जलमय होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर ठप्प झाले. भरतीच्या वेळा महानगरपालिका आधी जाहीर करते. अतिवृष्टीचा इशारा असल्यास प्रवास पुढे ढकलावा. शहरात असताना पाणी साचले, तर सुरक्षित इमारतीत थांबावे. उघड्या गटाराचे तोंड पाण्याखाली दिसत नाही. साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका ओळखून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भरतीच्या वेळी समुद्राच्या कठड्यावर किंवा खडकांवर जाऊ नये. महानगरपालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६, रेल्वेचा १३९ आणि तातडीच्या मदतीचा ११२ आहे.

कामाचे नियोजन

मंत्रालयाला जवळचे रेल्वे स्थानक चर्चगेट. तेथे छायाचित्र असलेले ओळखपत्र व प्रवेशपत्र लागते. संबंधित विभाग, अधिकारी आणि अभ्यागतांची वेळ यांची चौकशी निघण्यापूर्वीच दूरध्वनीवरून करावी. अर्जाची पोच आणि पूर्वीच्या पत्रव्यवहाराचे क्रमांक सोबत ठेवावेत.

टाटा स्मारक रुग्णालय व के. ई. एम. रुग्णालय या दोहोंसाठी मध्य रेल्वेचे परळ स्थानक जवळचे. तेथे धीम्या गाड्याच थांबतात. रुग्णाचे सर्व जुने अहवाल न्यावेत. कर्करोगाची तपासणी झाली असल्यास त्या तपासणीच्या काचपट्ट्याही न्याव्यात. उपचार एका दिवसात आटोपत नाहीत. राहण्यासाठी दादर येथे गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. पण जागा मर्यादित असल्याने आधी विचारणा करावी. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे आर्थिक साहाय्याची माहिती मिळते. दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत.

गावपातळीवर काय करता येईल

शाळेत भूगोलाच्या तासाला मुंबईचा नकाशा काढून त्यावर तिन्ही रेल्वेमार्ग दाखविता येतील. ग्रामपंचायतीच्या फलकावर वरील तीन दूरध्वनी क्रमांक आणि दादर, कुर्ला, परळ, चर्चगेट ही चार नावे लिहिण्यास खर्च येत नाही. निघणाऱ्याच्या खिशात नातेवाइकाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण भ्रमणध्वनी हरवू शकतो किंवा बंद पडू शकतो. एवढी तयारी असली, तर परक्या शहरातील पहिला दिवस धावपळीत न जाता, ज्या कामासाठी माणूस गेला, त्याच कामी लागतो.