स्वमग्न मुलाला घेऊन थीम पार्कला जाताना

स्वमग्न मुलाला थीम पार्कमध्ये सर्वांत जड जाते ते वाट पाहणे. राईड दोन-तीन मिनिटांत संपते. तिच्यासाठीची रांग सुट्टीच्या दिवशी तासाभराची असू शकते. त्या तासात ऊन, घाम, मागच्याचे धक्के, चार बाजूंनी वाजणारी चार गाणी, तळणाचा वास हे सगळे एकदम अंगावर येते, आणि आपला नंबर कधी लागणार याचा काहीच अंदाज नसतो. इतरांच्या कानाला पाच मिनिटांत सवयीचा होणारा आवाज अशा मुलाला शेवटपर्यंत तितकाच टोचत राहतो. पुढे काय होणार हे कळले नाही की अस्वस्थता वाढते, आणि ती सांगायला शब्द नसले तर ती अंगातून बाहेर पडते: कानांवर हात, येरझारा, किंकाळी, जमिनीवर लोळण. म्हणून सहलीची आखणी करताना आधी प्रवास, फाटक, रांग, जेवण आणि परतण्याची वेळ या गोष्टींचा विचार करावा. कोणत्या राईडमध्ये बसायचे हे त्यानंतर.

सुरतेतल्या एका मराठी कुटुंबाचा दिवस उद्यानात शिरण्याआधीच कोसळला होता. दिवाळीची सुट्टी होती. फाटकावर पिशव्या तपासताना बाहेरचे खाणे म्हणून बिस्किटांचा पुडा काढून घेतला गेला. त्यांचे सात वर्षांचे स्वमग्न मूल बाहेर गेल्यावर तेवढीच बिस्किटे खात असे. आत पाऊल टाकताच ढोल सुरू झाला आणि मोठ्या डोक्याच्या पोशाखातले एक पात्र हात मिळवायला थेट अंगावर आले. मूल फाटकाकडे उलटे पळाले. रागावून, समजावून, आइस्क्रीम दाखवून काही झाले नाही. तिन्ही गोष्टी, म्हणजे खाण्याचा नियम, ढोल आणि ते पात्र, घरून एक फोन केला असता तर आधीच कळल्या असत्या.

सुरतेत मोठ्या सहलीआधीच्या तालमीची सोय घराजवळच आहे. पाल भागात महापालिकेचे जगदीशचंद्र बोस मत्स्यालय आहे आणि सिटीलाइट भागात सायन्स सेंटर. तिकीट काढणे, थोडे थांबणे, लोकांच्या सोबत चालणे, ठरल्या वेळी बाहेर पडणे एवढे चार टप्पे तिथे कमी खर्चात आणि अर्ध्या दिवसात करून पाहता येतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे आणि मूल आनंदात असतानाच बाहेर पडावे. सायन्स सेंटरमधल्या तारांगणाचा खेळ अंधारात आणि मोठ्या आवाजात असतो. मूल तो किती वेळ सोसते हे तिथे समजले, तर अंधाऱ्या राईडचा निर्णय महागड्या तिकिटावर घ्यायची वेळ येत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली भागांतल्या खानदेशी घरांमधल्या मुलांना गावाकडच्या गाडीची सवय असतेच. नंदुरबार, अमळनेर, जळगाव असा स्टेशनांचा क्रम काहींना तोंडपाठ असतो. ही आवड पुढे फार कामाला येते.

सुरतेपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास एकता नगर आहे, म्हणजे पूर्वीचे केवडिया. १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात २०२० च्या ऑक्टोबरात लहान मुलांसाठी पोषण उद्यान सुरू झाले. तिथली छोटी रेल्वे फलशाक गृहम, पयोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुराण आणि स्वस्थ भारतम अशा स्टेशनांवर थांबत जाते. स्वमग्न मुलाच्या दृष्टीने ही मांडणी चांगली आहे. पुढचे स्टेशन कोणते हे आधी सांगता येते, किती उरली ते मोजता येते आणि शेवट कुठे आहे ते दिसते. पाच चित्रांची पट्टी घरी करून प्रत्येक स्टेशनावर एकेक चित्र काढून घ्यायचे, एवढ्यावर अनेक मुले शांतपणे पूर्ण फेरी करतात. शेवटी आरशांचा भूलभुलैया आणि हलत्या खुर्च्यांचे थिएटर आहे. ते सरळ गाळावे. परिसर सोमवारी बंद असतो. पहिली मोठी सहल म्हणून एकता नगर खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कपेक्षा बरे, कारण दमलेल्या मुलाला घेऊन त्याच रात्री घरी परतता येते.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. सुरतेहून ते सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत वसई-ठाण्याची वाहतूक कोंडी. एका दिवसात जाऊन येण्याचा विचारही करू नये. उद्यानाला लागून हॉटेल आहे. ते स्वस्त नाही, पण दुपारी दोन तास खोलीत पडदे ओढून झोपण्याची सोय हाच त्या खर्चाचा मोबदला. एवढे परवडत नसेल तर खोपोलीत किंवा लोणावळ्यात मुक्काम करून गाडी फाटकाजवळ ठेवावी. काचा लावलेली गाडी, सुरू एसी आणि ओळखीची चादर हीही विश्रांतीची खोलीच.

राईड निवडताना मुलाचे वय फारसे उपयोगी पडत नाही. इमॅजिकातली डीप स्पेस अंधारात धावते, सलीमगढ भुताखेतांची आहे, मिस्टर इंडियात खुर्ची हलते आणि समोरचा पडदा भरधाव पळतो. लहान मुलांसाठीचे गोल फिरणारे हत्ती किंवा घोड्यांचा पाळणा यांत मात्र सुरुवात, वेग आणि शेवट सगळे बाहेरून दिसते. आधी तीन फेऱ्या नुसत्या पाहाव्यात. काही स्वमग्न मुलांना उलट वेग आणि झोका फार प्रिय असतो आणि मोठ्या पाळण्यातून ती हसत उतरतात, त्यामुळे ‘याला झेपणार नाही’ असे घरी बसून ठरवणेही अन्यायाचे. फिट येण्याचा त्रास असेल तर लुकलुकणारे दिवे आणि जोरदार हिसके असलेल्या राईडबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते.

मुलाची खास आवड कळीची ठरते. इमॅजिकात राजासॉरसच्या नावाची एक जलसफर आहे. हा डायनोसॉर खरोखरचा आणि गुजरातचाच. बालासिनोरजवळच्या रैयोलीत त्याची हाडे सापडली आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळाले. बालासिनोरला आता डायनोसॉरचे संग्रहालय आहे. डायनोसॉरवेड्या मुलाला आधी ते संग्रहालय दाखवले, तर पुढची सहल त्याच्या लेखी त्याच गोष्टीचा दुसरा भाग होते.

तारीख निवडण्यात सुरतेकरांना एक अडचण आहे. दिवाळीत हिरे आणि कापडाचे कारखाने एकदम बंद होतात, वडिलांना रजा तेव्हाच मिळते आणि सगळे शहर तेव्हाच बाहेर पडते. तो आठवडा टाळावा, दोन दिवसांचा पगार गेला तरी चालेल. मे महिन्यात ऊन सोसवत नाही. जुलै-ऑगस्टात घाटाच्या पायथ्याशी पाऊस कोसळतो आणि उघड्यावरच्या राईड मध्येच थांबवाव्या लागतात. ठरलेली गोष्ट अचानक रद्द होणे या मुलांना सर्वांत कठीण. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारीसुद्धा शाळांच्या सहलींच्या बसगाड्या रांगेने उभ्या असतात. फेब्रुवारीतला किंवा मार्चच्या सुरुवातीचा मंगळवार-बुधवार त्यातल्या त्यात निवांत. तरी तिकीट काढण्याआधी उद्यानाला फोन करून त्या दिवशी शाळा किंवा कंपन्यांचे गट आहेत का ते विचारावे. त्याच फोनवर खाण्याचा नियम, ढोल-मिरवणुकीच्या वेळा आणि बसायला शांत जागा कुठे आहे हेही विचारून घ्यावे.

कागदपत्रांना कंटाळू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे, आणि त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात करमणुकीचा हक्कही आहे. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, मूळ प्रत आणि दोन छायाप्रती जवळ असाव्यात. रेल्वेची भाडेसवलत बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या प्रवाशाला आणि त्याच्या एका सोबत्याला मिळते. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. ते करून घ्यायला वेळ जातो, म्हणून आधीपासून मागे लागावे.

रांगेबाबत परदेशातल्या उद्यानांनी बराच विचार केला आहे. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत पूर्वी दिव्यांगांना रांगेच्या पुढे नेत. त्याचा गैरवापर होऊ लागल्यावर ऑक्टोबर २०१३ पासून परतण्याची वेळ देण्याची पद्धत आली: रांग जेवढी, तेवढ्या वेळाने या, तोवर हवे तिथे बसा. पेनसिल्व्हानियातले सेसमी प्लेस २०१८ मध्ये स्वमग्नतेसाठी प्रमाणित झालेले पहिले थीम पार्क ठरले. अशा प्रमाणपत्रासाठी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण लागते. आपल्याकडे अशी व्यवस्था गृहीत धरता येत नाही, पण मागणी नेमकी असली की पुष्कळदा माणूस ऐकतो. ‘आम्हाला पुढे सोडा’ म्हटले की मागचे लोक भांडायला उठतात. ‘दादा, याला रांगेत उभं राहवत नाही. आम्हाला वेळ सांगा, आम्ही त्या झाडाखाली बसतो. याचे बाबा रांगेत आहेतच’ हे बहुतेकांना पटते. कर्मचाऱ्याला नाही पटले तर वाद न घालता थेट पाहुणे-मदत कक्षात जावे. जादा पैशाचे एक्स्प्रेस तिकीट असेल आणि परवडत असेल तर खर्च तिथेच करावा, खेळण्यांवर नाही.

मुलाची तयारी पंधरा दिवस आधी सुरू होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी सोशल स्टोरीची पद्धत मांडली. प्रसंग जसा घडणार तसा, छोट्या वाक्यांत, मुलाच्या बाजूने सांगायचा. घरच्या घरी असे पुस्तक दहा पानांत होते: ‘आपण गाडीत बसू. फाटकावर काका पिशवी उघडून बघतील आणि परत देतील. आत गाणी वाजतील. आवाज नको वाटला तर मी कानावर हेडफोन लावीन. रांगेत थांबावे लागेल. थांबताना मी माझी दोरी हातात धरीन.’ घडेल याची खात्री नसेल ते लिहू नये. ‘आपण मोठ्या पाळण्यात बसू’ असे छापले आणि तो पाळणा दुरुस्तीसाठी बंद निघाला, तर मुलासाठी अख्खे पुस्तक खोटे पडते. ‘पाळणा चालू असेल तर बसू, बंद असेल तर हत्तीत बसू’ असे लिहावे आणि ते ‘बंद’चे चित्रही दाखवावे. कानांवरचे इअरमफ, गॉगल आणि टोपी यांची सवय घरीच लावावी. सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घातलेली टोपी भिरकावली जाते.

स्वच्छतागृहाचा विचार सहसा राहून जातो. हात वाळवायचे यंत्र हाताखाली नसतानाही शेजारच्या माणसामुळे अचानक घोंघावते, आणि त्या एका आवाजानंतर मूल दिवसभर लघवीला जायचे नाकारते. आईने किंवा वडिलांनी आधी आत डोकावून रिकामी वेळ पाहावी, मुलाला यंत्रापासून दूरच्या बेसिनकडे न्यावे आणि खिशात रुमाल ठेवावा. खाण्याबाबत डॉक्टरांची किंवा थेरपिस्टची दोन ओळींची चिठ्ठी बहुधा पुरते: या मुलाला ठरावीक पदार्थच चालतात, डबा सोबत असू द्यावा. दशमी, खाखरा, साधा भात, जे रोज खातो तेच न्यावे.

मूल हरवण्याची शक्यता मात्र कमी लेखू नये. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार वर्षांवरच्या स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले होते. अशी मुले पुष्कळदा पाण्याकडे ओढली जातात आणि हाक मारली तरी वळत नाहीत. म्हणून वॉटर पार्कमध्ये एका मोठ्या माणसाचे काम एवढेच: मुलापासून हातभर अंतर. मोबाइल दुसऱ्याकडे. ‘सगळे मिळून लक्ष ठेवू’ म्हटले की कोणाचेच लक्ष नसते, म्हणून कोणाची पाळी कधी हे वेळ घालून ठरवावे. मुलाला भडक रंगाचा शर्ट घालावा, सकाळी फाटकापाशी त्याचा फोटो काढून ठेवावा आणि मनगटाच्या पट्टीवर फोन नंबरासोबत ‘मला ऑटिझम आहे, मी बोलून सांगू शकत नाही’ हे मराठी, गुजराती आणि हिंदीत लिहावे. मूल दिसेनासे झाले तर एकाने आधी जवळच्या पाण्याकडे धावावे, दुसऱ्याने सुरक्षारक्षकाला गाठावे. पोहायला शिकवणे हा खरा उपाय आहे, आणि महापालिकेच्या तरणतलावांची सोय सुरतेत आहे.

एवढे करूनही मेल्टडाऊन होऊ शकतो, म्हणजे सगळे असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो. हट्टी मूल रडताना आई बघते आहे ना हे पाहते. मेल्टडाऊनमधल्या मुलाला समोर कोण आहे याचेही भान नसते. त्या वेळी समजूत, प्रश्न, धमकी सगळे बंद. एकाने मुलाजवळ खाली बसावे, दुसऱ्याने जमणाऱ्या लोकांकडे तोंड करून उभे राहावे आणि ‘आजारी नाही, आवाजाचा त्रास होतोय, जरा मोकळी जागा द्या’ एवढेच सांगावे. कोणाला मोबाइलवर चित्रण करू देऊ नये. मूल शांत झाल्यावर लगेच पुढच्या राईडकडे नेऊ नये. शरीर सावरायला तास-दोन तास लागतात, आणि अनेकदा तो दिवस तिथेच संपलेला असतो. तिकिटाचे पैसे वसूल करण्याचा विचार अशा वेळी मनातून काढावा.

भावंडांची सोय वेगळी करावी. ताईला मोठा पाळणा हवा असेल तर तिच्यासोबत मामा किंवा काका हवाच. दर वेळी तिनेच समजून घ्यायचे ही सवय घराला लागू नये. दोन मोठ्यांवर तीन मुले घेऊन अशी सहल होत नाही.

परतल्यावरचा दिवस रिकामा ठेवावा, शाळा नको, पाहुणे नकोत. काही मुलांची झोप दोन-तीन रात्री बिघडते, काही सुटलेल्या सवयी परत दिसतात. आठवडाभरात ते निवळले नाही तर थेरपिस्टशी बोलावे. सहलीचे फोटो क्रमाने लावून तेच पुस्तक पुन्हा वाचून दाखवावे. किती वाजता त्रास सुरू झाला, त्याआधी कोणता आवाज होता, काय दिल्यावर निवळला, कुठे हसू आले हे त्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळचा फोन, तारीख आणि डबा त्या नोंदींवरून ठरवता येतो.