टाकीचा आवाज बंद करा, पाण्याची वाट नव्हे

काचेच्या मोठ्या फिशटँक बनवून बसवून देण्याचे काम आता क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच राहिलेले नाही. तालुक्याच्या गावीही दवाखाने, हॉटेले, कपड्यांची दुकाने आणि नव्या घरांचे दिवाणखाने यांतून चार-चार, सहा-सहा फुटी टाक्यांची मागणी येते. अशा टाकीखाली कपाटात दुसरी टाकी ठेवतात, तिला सम्प म्हणतात. वरचे पाणी कोपऱ्यातल्या खणात सांडते, पाइपाने सम्पमध्ये उतरते, तेथे गाळले जाते आणि मोटर ते पुन्हा वर चढवते. पद्धत उत्तम आहे. पण टाकी बसवून आठवडा होत नाही तोच ग्राहकाचा निरोप येतो, "भाई, मासे छान आहेत, पण टाकी रात्रभर गुडगुडते. अब्बांना झोप लागत नाही. आवाज बंद करा, नाही तर टाकी उचलून न्या."

आमच्यावरही ही वेळ आली होती. आम्ही सोपा उपाय केला. निचऱ्याच्या एकुलत्या एक पाइपाला बॉल व्हॉल्व्ह बसवला आणि तो निम्मा बंद केला. आवाज थांबला, ग्राहक खूश, मजुरीही मिळाली. तिसऱ्या रात्री टाकीतल्या वनस्पतीचे एक पान त्या अरुंद तोंडात अडकले. मोटर पाणी चढवतच राहिली. सम्पमधले चाळीसेक लिटर पाणी फरशीवर आले, लाकडी कपाट फुगले, खालच्या मजल्याच्या छताला ओल आली आणि शेवटी कोरडी फिरून मोटरही जळाली. सगळी भरपाई आम्ही खिशातून केली. भरपाईपेक्षा मोठा तोटा म्हणजे तो ग्राहक पुन्हा आमच्याकडे आला नाही. म्हणून हा धडा आमच्या कारागीर बंधूंसाठी सविस्तर लिहीत आहोत.

आवाज का होतो?

आवाज पाण्याचा नसतो, पाण्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेचा असतो. एक इंची पाइप पूर्ण भरून वाहिला, तर मोटर देते त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी तो नेऊ शकतो. पाणी कमी आणि पाइप मोठा, म्हणून उरलेली जागा हवा घेते. पाइपाच्या तोंडाशी भोवरा होतो आणि घोट घेतल्यासारखा आवाज येतो. कधी पाइप क्षणभर भरतो, खणातले पाणी सर्रकन खाली ओढतो, हवा शिरताच थांबतो आणि पुन्हा तेच सुरू होते. हा संडासाच्या टाकीसारखा आवाज सर्वांत त्रासदायक.

म्हणून पाइपातून एक तर शांतपणे हवा जाऊ द्यावी, नाही तर हवा मुळीच जाऊ देऊ नये. अधलेमधले काम आवाज करते.

आधी पाहणी करा

हत्यार हातात घेण्यापूर्वी कान लावून आवाज कोठून येतो ते ठरवावे.

खणात पाणी उंचावरून पडत असेल तर तो धबधब्याचा आवाज. उभ्या पाइपाची उंची वाढवावी, म्हणजे खणातली पातळी टाकीच्या पातळीखाली दोन-तीन इंचांवर राहील आणि पाणी पडण्याऐवजी घसरेल.

सम्पमध्ये बुडबुडे फुटत असतील तर पाइपाचे खालचे टोक पाण्यात साधारण एक इंच बुडवावे. जास्त खोल बुडवू नये. आत अडकलेली हवा बाहेर पडण्यासाठी धक्के देते. टोकाशी 90 अंशांच्या एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन एल्बो लावावेत. लवचीक नळी असेल तर तिला कोठेही झोळ पडू देऊ नये.

मोटरचा प्रवाहही मोजावा. दहा लिटरची बादली 30 सेकंदांत भरली तर प्रवाह तासाला 1200 लिटर झाला. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. तिला एवढा प्रवाह भरपूर आहे. त्याहून मोठी मोटर असेल तर ती बदलावी किंवा तिचाच प्रवाह कमी करावा. मोटरच्या बाजूला व्हॉल्व्ह चालतो, एकुलत्या निचऱ्याच्या बाजूला चालत नाही.

एकच छिद्र असेल तर

येथे रिचर्ड डुर्सो या अमेरिकन हौशी मत्स्यपालकाच्या नावाने ओळखली जाणारी रचना करावी. उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी बसवावा. टीच्या आडव्या तोंडाला खाली वळणारा एल्बो लावावा, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून आत येईल आणि भोवरा होणार नाही. टीच्या वरच्या तोंडाला कॅप लावून तिला दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. छिद्रातून हवा आत येते, पाणी पाइपाच्या भिंतीला धरून उतरते आणि मधून हवा जाते. छिद्र लहान पडले तर पातळी वर-खाली होत राहते. मग ते थोडे थोडे वाढवावे. त्याहून सोपे म्हणजे छिद्रात एअर पंपाची बारीक नळी घट्ट बसवून तिला प्लास्टिकचा छोटा नळ लावावा आणि हवा हवी तेवढी सोडावी. शक्य असल्यास एक इंची टँक निपलवर रिड्यूसर लावून सव्वा इंची पाइप आणि टी वापरावा. कॅप चिकटवू नये, सफाईसाठी ती निघाली पाहिजे.

दोन छिद्रे असतील तर

नवी टाकी बनवताना दोन छिद्रे पाडणे सर्वांत चांगले. पहिला पाइप कायम पाण्याखाली राहील असा ठेवावा आणि कपाटात त्याला गेट व्हॉल्व्ह लावावा. बॉल व्हॉल्व्हला इतका बारीक फेर देता येत नाही. दुसरा पाइप उंच आणि उघडा ठेवावा, त्याला व्हॉल्व्ह नाही. पहिल्याचा व्हॉल्व्ह हळूहळू फिरवून खणातली पातळी दुसऱ्याच्या तोंडाशी आणावी. पहिला पाइप पूर्ण भरून वाहतो, हवा नाही म्हणून आवाज नाही. त्यात पान किंवा गोगलगाय अडकली तर पाणी दुसऱ्यातून उतरते. दुसऱ्याचे खालचे टोक मुद्दाम सम्पच्या पाण्यावर ठेवावे, म्हणजे पाणी खळखळून पडेल आणि घरातल्या माणसांना कळेल. असा आवाज हवाच.

खाऱ्या पाण्याच्या टाकीला पितळी व्हॉल्व्ह वापरू नये. पितळेतले तांबे पाण्यात उतरले की झिंगे आणि प्रवाळ मरतात. प्लास्टिकचा व्हॉल्व्ह घ्यावा. टफन्ड काचेला ड्रिल लावू नये, ती चुरा होते. यूपीव्हीसी पाइपाचे जोड सॉल्व्हंट सिमेंटने करावेत. काचेला धरणारे सिलिकॉन या पाइपाला तसे धरत नाही.

सोपवण्यापूर्वी दोन परीक्षा

पहिली परीक्षा: मोटरची वीज बंद करावी. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीतून एक इंच पाणी उतरले तरी सुमारे 14 लिटर खाली येते, शिवाय खणातलेही येते. एवढी रिकामी जागा सम्पमध्ये असलीच पाहिजे. मोटरच्या पाइपाचे वरचे तोंड पाण्यात खोल असेल तर तेथूनही पाणी उलटे येते, म्हणून ते पृष्ठभागालगत ठेवावे.

दुसरी परीक्षा: मोटर चालू ठेवून मुख्य निचरा हाताने पूर्ण बंद करावा. दोन पाइप असतील तर दुसऱ्याने सगळे पाणी नेले पाहिजे. एकच पाइप असेल तर सम्पच्या मोटरखान्यात एवढेच पाणी ठेवावे, की ते सारे वर चढले तरी टाकी काठावरून सांडू नये. ही परीक्षा ग्राहकासमोर घ्यावी आणि महिन्यातून एकदा कॅप, जाळी व पाइपाचे तोंड साफ करायला त्याला शिकवावे.

बंधूंनो, दुसऱ्या छिद्राचा खर्च टाकी बनवताना किरकोळ असतो. नंतर तेच काम करायचे तर मासे काढून टाकी रिकामी करावी लागते. "आवाज येणार नाही" असे सांगून ऑर्डर घेणारे पुष्कळ आहेत. "आवाज येणार नाही आणि पाइप तुंबला तरी घर भिजणार नाही" असे सांगून दोन्ही गोष्टी समोर करून दाखवणारा कारागीर मात्र ग्राहक सोडत नाही. तो धडा आम्ही भरपाई देऊन शिकलो. आपण तो फुकट शिकावा.