आई-बाबांना खरंच किती दिसतं? तपासणी, खर्च आणि दाखला

घरातल्या ज्येष्ठांना “दिसतं का?” असं विचारू नका. उत्तर “दिसतं की” असंच येतं, कारण न दिसण्याची कबुली दिली की बाहेर जाणं बंद होईल किंवा ऑपरेशन मागे लागेल, ही भीती त्यांच्या मनात असते. त्याऐवजी कामाबद्दल विचारा, आणि विचारण्याआधी बघा.

दवाखान्यात जाण्याआधी आठवडाभर एका वहीत नोंद ठेवा. पेपर फक्त मथळ्यांपुरता वाचला जातो का? तांदळातले खडे राहतात का? चहा कपाबाहेर सांडतो का? नोटा ओळखायला दुसऱ्याला विचारावं लागतं का? गोळ्यांच्या दोन सारख्या पाकिटांत गोंधळ होतो का? जिन्याची शेवटची पायरी चुकते का? दारातला माणूस आवाजावरून ओळखतात का? संध्याकाळचं देवळात जाणं किंवा लग्नकार्याला जाणं “कंटाळा येतो” म्हणून बंद झालंय का? प्रत्येक कामापुढे लिहा: जमतं, कष्टाने जमतं, सोडून दिलं. ‘सोडून दिलं’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. उजेड कसा होता तेही लिहा.

भारतीय रुग्णांसाठी याच हेतूने तयार केलेली 33 प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात 21 प्रश्न रोजच्या कामांबद्दल, 7 लक्षणांबद्दल आणि 5 मनावर आणि चारचौघांतल्या वावरावर होणाऱ्या परिणामांबद्दल आहेत. गर्दीच्या ओपीडीत एवढं विचारायला वेळ नसतो. म्हणून वही तुम्हीच न्या.

वहीची गरज का आहे? भिंतीवरचा तक्ता पांढऱ्यावर काळा असतो आणि खोलीत भरपूर उजेड असतो. तक्ता 6/9 पर्यंत, म्हणजे जवळपास पूर्ण, वाचणारा माणूस करड्या फरशीवरची करडी पायरी चुकू शकतो. काचबिंदूत तर समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसू शकतं, बाजूचं जातं. वहीत “दाराच्या चौकटीला धडकतात” असं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला सांगा.

कुठे जायचं, काय लागेल

चष्म्याच्या दुकानातली मोफत तपासणी नंबर काढण्यापुरती असते. साठीनंतर तेवढ्यावर थांबू नका, नेत्रतज्ज्ञच हवा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत (ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा) 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे आहेत; तिथे शुल्क पडतं, पण खासगीच्या मानाने बरंच कमी. मोठ्या शहरांत खासगी तपासणीला साधारण 500 ते 1,000 रुपये धरा.

सकाळी जा. जुने चष्मे (सगळे, दूरचा-जवळचा दोन्ही), चालू गोळ्यांची पाकिटं, साखर आणि रक्तदाबाचे कागद, जुनी फाइल आणि आधार घ्या. मधुमेह असेल तर नाश्ता आणि गोळी चुकवू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की अर्धा तास थांबावं लागतं आणि पुढे चार-सहा तास धूसर दिसतं. त्यामुळे सोबत माणूस हवाच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. एकूण दोन-तीन तास मोकळे ठेवा.

या गोष्टी झाल्या का ते बघा: प्रत्येक डोळ्याची दूरची आणि जवळची नजर चष्म्यासह, डोळ्याचं प्रेशर, थेंब घालून पडद्याची तपासणी. यातलं काय फीमध्ये येतं ते काउंटरवरच विचारा. फील्ड टेस्ट (बाजूची नजर तपासणारी) आणि पडद्याचं ओसीटी स्कॅन यांचे पैसे वेगळे. काचबिंदूचा संशय असेल तर फील्ड टेस्ट टाळू नका. मधुमेहाने किंवा वयाने पडदा खराब झाला असेल तर ओसीटी लागतं. पण ‘ज्येष्ठांचं पॅकेज’ म्हणून सगळंच एकदम पुढे केलं, तर शांतपणे विचारा: “या रिपोर्टने उपचारात काय फरक पडेल?” चांगला डॉक्टर एका वाक्यात सांगतो.

मोतीबिंदू निघाला तर

सरकारी योजनेत आणि धर्मादाय संस्थांकडे ऑपरेशन लेन्ससह मोफत होतं. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. रुग्णालय यादीत आहे का आणि तिथे मोतीबिंदू त्यात बसतो का, हे आधी विचारा. खासगीत फेको पद्धतीच्या मोतीबिंदू ऑपरेशनचा एका डोळ्याचा खर्च साध्या लेन्सला अंदाजे 20 ते 40 हजार, भारी लेन्सला लाखाच्या घरात.

फरक बहुतेक लेन्सचा असतो. साधी लेन्स एका अंतराचं स्पष्ट दाखवते; वाचायला चष्मा लागतो, आणि बहुतेक ज्येष्ठांना त्याची सवय असतेच. बहुअंतरी लेन्समध्ये काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. पडदा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर ती सहसा घेऊ नये. भारी लेन्स म्हणजे जास्त नजर, असं कुणी सांगत असेल तर फसू नका. अंदाजपत्रक लेखी घ्या. त्यात लेन्सची कंपनी आणि मॉडेल, आधीच्या रक्ततपासण्या आणि ईसीजी, महिनाभराचे थेंब, नंतरच्या भेटी हे आहे का ते पाहा. सुटी होताना लेन्सचा स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. नवा चष्मा महिन्याभराने करा, आधी नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून नजरेच्या चष्म्यावर जीएसटी 5 टक्के आहे, बिलात तपासा. विमा असेल तर मोतीबिंदूची मर्यादा आणि प्रतीक्षाकाळ (बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं) आधी वाचा.

उपचारानंतरही कमी दिसत असेल तर

“आता काही होणार नाही” हे ऐकून घरी परतू नका. लो व्हिजन विभाग कुठे आहे ते विचारा. मोठ्या नेत्ररुग्णालयांत तो असतो, आणि नॅबसारख्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) संस्था मार्गदर्शन करतात. वही तिथेही न्या. वाचन हवंय की चालणं, त्यावर साधन ठरतं. दिव्याचं भिंग काही शे रुपयांत मिळतं, पण वापरून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. नोटा ओळखणारं रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप फुकट आहे. उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत आणि वयाची 65 वर्षं पूर्ण असतील, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी 3,000 रुपये मिळतात. घरात पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी आणि वाचायच्या जागी खांद्यामागून दिवा, यांना फार पैसे लागत नाहीत आणि उपयोग मात्र रोजचा.

कमी नजर असलेल्या काहींना नसलेली माणसं किंवा नक्षी दिसते. ते वेड नाही, नजर गेल्यावर मेंदू असं करतो. डॉक्टरांना सांगा, मांत्रिकाकडे नेऊ नका.

अपंगत्व दाखल्यासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. आधार, फोटो आणि तपासणीचे कागद लागतात. दाखला मोफत आहे, “लवकर करून देतो” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मोतीबिंदू आधी काढा, कारण मोजमाप चष्म्यासह उत्तम नजरेचं होतं. दोन्ही डोळे 6/24 ते 6/60 असतील तर 40 टक्के धरतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्केच, म्हणजे सवलतीच्या रेषेखाली. 40 टक्क्यांपासून प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत 75,000 आणि 80 टक्क्यांपासून 1,25,000 रुपयांची वजावट मिळते.

आणि आई-बाबांना काचबिंदू निघाला, तर त्याच भेटीत स्वतःचंही प्रेशर आणि पडदा तपासून घ्या. तो घराण्यात चालतो, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही.