स्वयंचलित गिअरबॉक्सची बदली : अडचणी आणि बोध

जुनी मोटार घरीच दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद दिल्लीत नवा नाही. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ मध्ये जुन्या मोटारींची शर्यत-फेरी सुरू केली, तेव्हापासून या छंदाला प्रतिष्ठाही लाभली. काश्मिरी गेटच्या बाजारात सुटे भाग मिळतात, मायापुरी मोडीच्या मालासाठी प्रसिद्ध आहे आणि घरापुढे मोटार उभी करण्याइतकी जागा असली की हौशी मालक कामाला लागतो. एंजिनाच्या किंवा ब्रेकच्या कामात त्याला यशही येते. मात्र बिघडलेला स्वयंचलित गिअरबॉक्स काढून तेथे दुसरा बसविण्याच्या कामात भलेभले थकतात. असे का व्हावे, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

या यंत्राच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले की हीच रचना मोठी शक्ती वाहून नेऊ शकते. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांसाठी या तत्त्वाचे पेटंट घेतले. पुढे जनरल मोटर्स कंपनीने १९३९ च्या अखेरीस ओल्ड्‌समोबील मोटारीत ‘हायड्रा-मॅटिक’ हा गिअरबॉक्स दिला आणि चालकाच्या डाव्या पायाला क्लचपासून सुटका मिळाली. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन पंख्यांच्या मध्ये तिसरे, तेलाचा प्रवाह वळविणारे चक्र असते. त्याच्यामागे ग्रहमालेसारखी एकमेकांभोवती फिरणारी दंतचक्रे, त्यांना धरणाऱ्या व सोडणाऱ्या क्लचच्या चकत्या आणि त्या चकत्यांना तेलाच्या दाबाने हुकूम देणारी झडपांची पेटी, अशी ही रचना आहे. यातील तेल वंगणाचे काम करते, शक्ती वाहते, हुकूम पोहोचविते आणि उष्णताही बाहेर नेते.

म्हणूनच हा गिअरबॉक्स स्वतःपुरता कधीच नसतो. पुढे एंजिन, मागे प्रॉपेलर शाफ्ट, खाली आधाराची आडवी पट्टी, बाजूला तेल थंड करणाऱ्या नळ्या, वर ॲक्सिलरेटरची केबल आणि चालकाच्या हातातील दांडा या सर्वांशी त्याचे नाते असते. बदलीतील बहुतेक अपयशे गिअरबॉक्सच्या पोटात जन्मत नाहीत. ती या सांध्यांवर जन्मतात.

याचा मोठा दाखला अमेरिकेत घडला. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथील हायड्रा-मॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. कॅडिलॅक व ओल्ड्‌समोबील मोटारींना घाईने ब्यूकचा ‘डायनाफ्लो’ आणि पाँटिॲकला शेव्हरोलेचा ‘पॉवरग्लाइड’ बसवावा लागला. सर्व कंपन्या एकाच उद्योगसमूहाच्या, सर्व आराखडे हाताशी. तरीही एका मोटारीसाठी घडविलेला गिअरबॉक्स दुसरीत बसविण्यापूर्वी अभियंत्यांना जोडणीचे वेगळे भाग सिद्ध करावे लागले. जे काम कारखान्याला सहज साधले नाही, ते घराच्या अंगणात एका रविवारी साधेल अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे.

पहिली अडचण मापाची. बाहेरून सारखे दिसणारे दोन गिअरबॉक्स लांबीत बोटभर वेगळे असले, तरी प्रॉपेलर शाफ्ट अपुरा पडतो किंवा अडतो आणि आधाराची पट्टी जुन्या छिद्रांशी जुळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी जुन्या व नव्या पेटीची लांबी, बोल्टांची छिद्रे, शाफ्टवरील दात आणि वेगमापीच्या केबलची जागा मोजून लिहून ठेवावी. अलीकडच्या मोटारींत झडपांना विद्युत संगणक आज्ञा देतो. तेथे पेटी जुळली तरी संगणक न जुळल्यास काम फसते.

दुसरी अडचण जिवाशी खेळणारी आहे. दांडा ‘पार्क’ स्थितीत ठेवला की मोटार जखडली, असे मालक धरून चालतो. परंतु ही जखडण गिअरबॉक्सच्या आतील खिळीने प्रॉपेलर शाफ्टमार्फत होते. तो शाफ्ट काढताच चाके मोकळी होतात आणि किंचित उतारावरही मोटार सरकू शकते. म्हणून खाली शिरण्यापूर्वी चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत, हातब्रेक ओढावा आणि मोटारीचा भार केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर घ्यावा. गिअरबॉक्सचे वजन साठ-सत्तर किलोपर्यंत, कधी त्याहूनही अधिक असते. तो छातीवर तोलून उतरविण्याचे धाडस करू नये.

तिसरी अडचण सर्वांत महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर चढविताना तो फिरवत आत ढकलावा लागतो. आतील शाफ्टांचे दात आणि तेलपंपाच्या खाचा एकामागून एक जुळतात, आणि प्रत्येक वेळी तो थोडा आत गेल्याचे हाताला जाणवते. शेवटची खाच जुळली नसेल, तर पेटी एंजिनाला पूर्ण टेकत नाही. अशा वेळी अधीर कारागीर बोल्ट आवळून फट मिटवितो आणि त्याच क्षणी पंप फुटतो. नियम सोपा आहे : पेटी हातानेच एंजिनाला टेकली पाहिजे, आणि टेकल्यावरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. बोल्ट पेटी धरण्यासाठी असतात, ओढून आणण्यासाठी नव्हेत.

चौथी अडचण जुन्या पेटीने मागे ठेवलेला वारसा होय. तिच्या जळालेल्या चकत्यांची भुकटी आणि धातूचा कीस रेडिएटरजवळच्या शीतक नळ्यांत साचून राहतो. त्या न धुता नवी पेटी जोडली, तर ती घाण नव्या झडपांत शिरते आणि थोड्याच दिवसांत पहिलाच आजार पुन्हा उद्‌भवतो. काढलेल्या तेलाचेही निरीक्षण करावे. तांबडे तेल काळे पडून करपल्याचा वास आला, तर चकत्या जळाल्या. ते गुलाबी दुधासारखे दिसले, तर रेडिएटरचे पाणी त्यात शिरले. कारण शोधल्याशिवाय केलेली बदली ही केवळ पुनरावृत्ती ठरते.

पाचवी अडचण क्षुल्लक वाटते. अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये ॲक्सिलरेटरची केबल तेलाचा दाब ठरविते. ती सैल राहिली तर दाब उतरतो, चकत्या घसरतात आणि चांगली पेटी काही किलोमीटरांत जळते. तेलाची पातळीही निर्मात्याने सांगितलेल्या रीतीनेच पाहावी. बहुतेक पेट्यांत ती एंजिन चालू असताना, तेल गरम झाल्यावर आणि दांडा सर्व स्थितींतून फिरवून घेतल्यावर पाहतात; कारण रिकामा कन्व्हर्टर बरेच तेल पिऊन टाकतो. शिवाय या मोटारी बहुधा धक्का मारून सुरू होत नाहीत, आणि दूरवर ओढत नेल्यास, एंजिन बंद असल्याने पंप फिरत नाही व दंतचक्रे तेलावाचून झिजतात.

दिल्लीच्या हवेने हे सर्व दोष तीव्र होतात. मे-जूनमध्ये तापमान ४५ अंशांवर जाते. आश्रम चौक किंवा धौला कुआँ येथील कोंडीत मोटार जागीच थांबून पुढे सरकते, तेव्हा कन्व्हर्टरमधील तेल शक्तीऐवजी उष्णता निर्माण करीत राहते. थंड प्रदेशात चालून जाणारी चूक येथे खपत नाही. शीतक सुस्थितीत असलाच पाहिजे.

खर्च करण्यापूर्वी कायद्याचाही विचार हवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारी चालविण्यास मनाई केली. २०२५ मध्ये त्या कारवाईबाबत न्यायालयाने नवे आदेश दिले. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी २०२१ पासून स्वतंत्र नोंदणीची तरतूद आहे. मोटार रस्त्यावर येऊ शकेल की नाही, हे परिवहन कार्यालयात विचारून घेतल्यावरच पाना हाती घ्यावा.

पहिल्या प्रयत्नात पेटी बसली नाही, म्हणजे कष्ट वाया गेले असे नव्हे. न टेकलेली पेटी, करपलेले तेल, अपुरा शाफ्ट यांपैकी प्रत्येक जण कोठे पाहावे ते सांगत असतो. ते ऐकून बोल्ट पुन्हा सैल करण्याची तयारी ज्याच्या ठायी आहे, त्याची मोटार उशिरा का होईना, पण स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर पडते.