तन्मणी

जुन्या मराठी घरांतील लग्नाची छायाचित्रे निरखून पाहिली, तर स्त्रियांच्या अंगावर सोन्याच्या जोडीने मोतीही दिसतात. नाकात नथ, कानांत कुड्या, गळ्यालगत चिंचपेटी आणि तिच्याखाली तन्मणी. मोत्यांचे अनेक सर एकत्र आणून त्यांत खड्यांचे पदक बसविले, की तन्मणी होतो. पैठणीच्या गडद रंगावर तो जसा उठून दिसतो, तसे सोनेही दिसत नाही, असे निदान आम्हांला वाटते.

सोने अडीअडचणीला मोडता येते. मोती मात्र वितळविता येत नाही. त्याची किंमत गोलाई, आकार आणि 'पाणी' यांवर ठरते. शिवाय ही किंमत एकदा फार मोठ्या प्रमाणावर ढासळलेलीही आहे.

आपल्याकडे नावाजलेले 'बसरा' मोती बसरा शहरात निपजत नसत. इराणच्या आखातात, विशेषतः बहरीनच्या आसपास, पाणबुडे नाकाला चिमटा लावून व पायाला दगड बांधून तळाशी जात आणि शिंपले वर आणीत. ही माणसे बहुधा नावेच्या मालकाची कर्जदार असत. तो माल मुंबईच्या बाजारात येई. १८९३ मध्ये जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती वाढविण्यात यश मिळविले. पुढे पूर्ण गोल संवर्धित मोतीही बाजारात आले. त्यातच १९२९ ची जागतिक मंदी ओढवली आणि आखातातील हा धंदा बुडाला. ज्यांनी आयुष्यभर श्वास रोखून इतरांचे गळे सजविले, त्यांच्या हाती काही उरले नाही. उलट, जो सर पूर्वी श्रीमंतांच्याच घरी असे, तो सामान्य गृहिणीलाही परवडू लागला.

भाव उतरला, तरी तन्मण्याची हौस ओसरली नाही. मोत्याला पैलू पाडावे लागत नाहीत. त्याच्या असंख्य पातळ थरांवरून परतणारा प्रकाशच त्याला तेज देतो. पण तो नाजूक असतो. घाम, अत्तर, आंबट पदार्थ यांनी त्याचे पाणी उतरते. म्हणून साजशृंगार आटोपल्यावर तो घालावा आणि उतरविल्यावर मऊ कापडाने पुसावा. दोरा झिजला, की पटवेकऱ्याकडून सर पुन्हा ओवून घ्यावे लागतात. अशा वेळी हरवलेल्या मोत्याच्या जागी नवा घातला जातो. आजीच्या तन्मण्यात बसरा मोत्याशेजारी एखादा संवर्धित मोतीही असू शकतो. तो खात्रीने ओळखायला क्ष-किरणांची तपासणी लागते.