फोटोग्राफीचा सराव: महिन्याला सात-आठशे रुपये पुरतात

भोसरी-चाकणच्या अनेक कंपन्यांत आत शिरताना गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लागतं. म्हणून साप्ताहिक सुट्टीला, मग ती गुरुवारची असो की रविवारची, हौशी माणूस फोटो काढायला निघतो. काही नवं सुचत नाही, की त्याला महागड्या कॅमेऱ्याचा ईएमआय खुणावू लागतो. माझा आग्रह आहे, सहा महिने तो थांबवा. सुचत नाही याचं कारण बहुधा लेन्स नसते. काहीही टिपायची मुभा असते, म्हणून नजर कुठेच ठरत नाही. तिला एक अट घालून द्या. अट फुकट असते, खर्च येतो तो बसचा, प्रिंटचा आणि थोड्या कागदाचा.

कारखान्यांच्या या पट्ट्याला सर्वांत चपखल बसणारी पहिली अट जर्मनीतली आहे. बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून कारखान्यांच्या मुलखात हिंडून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे टिपले. उजेड ढगाळ, कॅमेरा समोरासमोर, प्रत्येक टाकी चौकटीत जवळपास तेवढीच मोठी. मग असे फोटो ओळींत मांडायचे. एकट्या टाकीकडे कुणी वळूनही पाहत नाही. नऊ टाक्या शेजारी-शेजारी आल्या की एकीचे खांब, दुसरीचा जिना, तिसरीचा माथा वेगळा दिसायला लागतो. निगडीपासून भोसरीपर्यंत उंच टाक्यांना तोटा नाही, आणि पावसाळ्यात हवं तसं आभाळ आयतं मिळतं. टाक्या नकोत तर पत्र्याच्या शेडची दारं घ्या, चहाच्या टपऱ्या घ्या. विषय मात्र मध्येच बदलू नका.

प्रवासासाठी पीएमपीएमएल बसचा दिवसाचा पास घ्या. जून २०२५च्या भाडेवाढीत तो पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीसाठी ४० वरून ७० रुपये झाला. चाकण हद्दीबाहेर पडतं, त्यासाठी पीएमआरडीए क्षेत्राचा पास १५० रुपयांचा. भोसरीहून चाकणला नुसतं जाऊन यायचं असेल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

दुसरी अट छायाचित्रकार रघुबीर सिंह यांच्या कामातून घेतली आहे. त्यांनी ॲम्बॅसेडर गाडीच्या दारांतून, काचांतून, आरशांतून देश टिपला. ते फोटो ‘अ वे इनटू इंडिया’ या पुस्तकात त्यांच्या निधनानंतर, २००२ साली आले. गाड्या बनवणाऱ्या आपल्या गावांना हा सराव अगदी जवळचा वाटावा. प्रत्येक फोटोत वाहनाचा एखादा भाग दिसलाच पाहिजे: बसची खिडकी, रिक्षाचा आरसा, टेम्पोचं फाळकं. बसच्या पासात तो होऊन जातो.

तिसरी अट आकड्याची. जुन्या रोलप्रमाणे दिवसाला ३६ फोटो, झूम नाही, घरी येईपर्यंत डिलीट नाही. चिंचवडला मोरया गोसावी मंदिरामागचा पवनेचा घाट किंवा चाकणच्या बाजारात कांद्याची आवक असलेली सकाळ, यांपैकी एकच जागा धरा. आकडा बांधला की बटण दाबण्याआधी पाहणं आपोआप वाढतं. हमाल, शेतकरी, फुलवाले यांना आधी विचारा, आणि पुढच्या खेपेला त्यांचा फोटो त्यांच्या हातात द्या. त्या प्रिंटच्या दहा-पंधरा रुपयांना मी खर्च म्हणतच नाही.

पावसाने घरात अडकलात तर खिडकीला बटर पेपर लावा, समोर पांढरा कार्डशीट धरा आणि एकच भांडं दिवसभर टिपा. साहित्य पन्नास-साठ रुपयांचं.

प्रिंट मात्र टाळू नका. चार बाय सहाची प्रिंट साधारण दहा ते पंधरा रुपयांना पडते. जास्त संख्येला दर कमी करून मागा. महिन्याला २४ प्रिंट म्हणजे अडीचशे ते साडेतीनशे. त्यात ७० चे दोन पास, १५० चा एक आणि कागद धरला तर हिशेब सातशेच्या आसपास थांबतो. फोटोंवरच्या कामाला स्नॅपसीड आणि डार्कटेबल फुकट आहेत.

देहूरोड, दिघी भागात लष्करी हद्दीच्या पाट्या दिसल्या की कॅमेरा पिशवीत ठेवा. कंपनीच्या गेटवर हटकलं तर वाद घालू नका. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा तपासा. जवळच लोहगावचा हवाई तळ आहे.

कार्यशाळेला पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: एका शिक्षकामागे किती जण, आणि माझ्या प्रिंट समोर ठेवून कुणी बोलणार का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती फी वाचवा. त्याऐवजी चार मित्र जमवा, महिन्यातून एकदा सगळ्यांच्या प्रिंट जमिनीवर मांडा, आणि ज्याचे फोटो आहेत त्याने पहिला अर्धा तास काहीही समजावून सांगायचं नाही, असं ठरवून टाका.